वारस नाही, असे कोणी म्हणायचे?

फसवणुकीसाठी इंग्रजीत ‘चीट’ हा अगदी रोजचा शब्द आहे. मराठी पोरेही खेळताना ‘चीटिंग केलीस’ म्हणून भांडतात. या शब्दाचे मूळ मात्र फसवणुकीत नाही, महसुलात आहे. इंग्लंडच्या जुन्या जमीनकायद्यात ‘एस्चीट’ नावाचा एक हक्क होता. जमीन धरणारा माणूस वारस न ठेवता मेला, किंवा मोठ्या गुन्ह्यात दोषी ठरला, तर त्याची जमीन वरच्या धन्याकडे, बहुधा राजाकडे, परत जाई. फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचा धात्वर्थ ‘पडणे’ असा. म्हणजे वाट्याला पडलेली वस्तू. १२१५च्या मॅग्ना कार्टातही अशा जमिनींचा उल्लेख आहे, इतका हा विषय जुना. तो सांभाळायला राजाने एस्चीटर नावाचे अधिकारी नेमले. एखादा मोठा जमीनधारक मेला की एस्चीटर त्या भागातली माणसे बोलावी आणि त्यांना शपथेवर विचारी : याची जमीन किती होती, कोणत्या अटीवर होती, वारस कोण, त्याचे वय काय. ‘एस्चीट’मधला सुरुवातीचा ‘एस्’ गळाला आणि ‘चीट’ उरला. तोच शब्द दोनतीन शतकांत ठकबाजीचा झाला. हे कसे घडले, याचे उत्तर मला सातारा, पुणे आणि चिंचवडच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके इंग्लंडच्या इतिहासातही दिसत नाही.

या अर्थांतराची नेहमी सांगितली जाणारी हकीकत सोपी आहे : एस्चीटर लबाड होते, जिवंत वारसांच्या जमिनी बळकावत, म्हणून लोक लबाडाला ‘चीटर’ म्हणू लागले. तीत तथ्य आहे. एस्चीटरांच्या जुलमाच्या तक्रारी पुष्कळ होत्या, आणि वारसाची चौकशी पुरी होऊन तिचा कागद सरकारात दाखल होण्याआधी जमीन दुसऱ्याला देऊ नये, असा कायदा पंधराव्या शतकात इंग्लंडच्या पार्लमेंटला करावा लागला. तसे होत नसते तर हा कायदा कशाला लागला असता? पण हकीकत एवढ्यावर संपत नाही. १५५२च्या सुमारास लंडनमध्ये फाशांच्या जुगारातल्या लबाड्या उघड करणारी एक पुस्तिका निघाली. ती गिल्बर्ट वॉकरच्या नावावर सांगतात. वजन भरलेले फासे टाकून भोळ्या गिऱ्हाइकाला लुटणारे जुगारी आपल्या धंद्याला ‘चीटिंग’ म्हणतात, आणि हा शब्द त्यांनी वकिलांकडून उसना घेतला आहे, असे ती पुस्तिका सांगते. धन्याकडे आपोआप येणाऱ्या बेवारस आणि भटक्या मालमत्तेला वकील जे म्हणत, तेच जुगाऱ्यांनी आपल्या लुटीला म्हटले. शेक्सपिअरच्या ‘मेरी वाइव्ज ऑफ विंडसर’मधला फॉल्स्टाफ या दोन्ही अर्थांशी खेळतो. म्हणजे सोळाव्या शतकाच्या शेवटी नाटकाच्या प्रेक्षकाला दोन्ही अर्थ ठाऊक होते.

जुगाऱ्यांना या शब्दाचे आकर्षण का वाटले असावे, हा माझ्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. चोरी, लूट, ठकबाजी हे सगळे शब्द करणाऱ्याकडे बोट दाखवतात. ‘एस्चीट’ तसे करत नाही. मालमत्ता कोणी घेतली असे तो सांगत नाही. ती ‘पडली’ एवढेच सांगतो. मधल्या माणसाचा हात त्यातून नाहीसा होतो. जुगाऱ्यांनी कायद्याकडून लबाडी उचलली नाही, ती त्यांच्याकडे आधीच होती. त्यांनी उचलले ते तिच्यावरचे पांघरूण. म्हणून माझे म्हणणे असे की बेवारस मालमत्ता सरकारजमा होण्यात फसवणूक नाही, ती कोणत्याही समाजाला लागणारी तरतूद आहे. माणूस मेला, मागे कोणी नाही, तर शेत कोणीतरी पाहायलाच हवे. फसवणूक सुरू होते ती ‘वारस नाही’ हे ठरवण्याचा अधिकार, ज्याला ती मालमत्ता मिळणार आहे त्याच्याच हाती जातो तेव्हा. इंग्लंडमध्ये गावची माणसे शपथेवर बोलत तोवर एस्चीट हा कायदा होता. त्यांना वगळून एस्चीटर एकटाच बोलू लागला की त्याचा ‘चीट’ झाला.

हीच कसोटी आपल्याकडे लावून पाहावी. मराठी महसुलात या गोष्टीला गतकूळ असा नेमका शब्द होता. ज्या जमिनीचे कूळ नष्ट झाले किंवा परागंदा झाले ती गतकूळ जमीन. देशावरच्या गावांत शेते थळांत विभागलेली असत आणि थळाला बहुधा ते पहिल्यांदा करणाऱ्या घराण्याचे नाव असे. ते घराणे संपले, जमीन दुसरा कसू लागला, तरी थळझाड्याच्या कागदात जुने नाव टिके. ‘अमक्याचे थळ, गतकूळ’ अशी ती नोंद असे. पेशवाई बुडाल्यावर लोणी गावाची पाहणी करणारा डॉ. थॉमस कोट्स आणि दख्खनच्या जमीनधारणेवर १८३५मध्ये निबंध छापणारा कर्नल साइक्स, दोघांचेही लक्ष या पद्धतीने वेधून घेतले. परागंदा झालेला मिरासदार, म्हणजे वंशपरंपरेच्या हक्काने जमीन धरणारा, किंवा त्याचा वंशज कित्येक वर्षांनी परत आला तरी आपली मिरास मागू शके, आणि मधल्या काळात ती कसणाऱ्याला ती सोडावी लागे. आजच्या मुदतीच्या कायद्याला हे चमत्कारिक वाटेल. पण त्यामागची समज ध्यानात घेण्याजोगी आहे : वारस दिसत नाही म्हणजे वारस नाही, असे गाव लगेच धरत नसे.

वाद उभा राहिला तर निवाडा गोतसभेत होई. पाटील, कुळकर्णी, आसपासच्या गावांचे वतनदार, बलुतेदार जमत. जुनी माणसे साक्ष देत. आणि निर्णयाचा महजर लिहिला जाई. या महजरांची शेवटची बाजू पाहण्यासारखी असते. ज्यांना लिहिता येत नसे ते सहीऐवजी आपल्या धंद्याचे हत्यार काढत. पाटलाच्या नावापुढे नांगर, सुताराच्या नावापुढे किंकरे. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरच्या १९५३च्या ग्रंथात असे असंख्य कागद अभ्यासले आहेत. गोतसभा निःपक्षपाती होती असा माझा दावा नाही. तिच्यात जातीचे वजन चाले, बाईचा शब्द क्वचितच ऐकला जाई, आणि जबरदस्त पाटील साक्षी फिरवू शके. पण हा अमक्याचा मुलगा आहे की नाही, हे सांगणारी माणसे त्या घराला ओळखत होती, आणि त्यांतल्या बहुतेकांना त्या जमिनीतून काही मिळायचे नव्हते.

या संदर्भात चिंचवडचा प्रसंग फार बोलका आहे. मोरया गोसावींच्या वंशातल्या पुरुषांत सात पिढ्या गणपतीचा अंश उतरतो अशी श्रद्धा होती. त्यांना ‘देव’ म्हणत आणि देवस्थानाला इनाम गावे होती. १८१०मध्ये या परंपरेतले शेवटचे देव निपुत्रिक वारले. इनाम थांबू नये म्हणून तिथल्या पुजाऱ्यांनी दूरच्या नात्यातल्या एकाला गादीवर बसवले. काटेकोर कायद्याने पाहिले तर हा एस्चीटचाच मामला होता. वंश संपला, इनाम सरकारात जायला हवे. मग इथे फसवणूक कोणी केली? पुजाऱ्यांनी सरकारला फसवले असा आक्षेप घेता येईल. मला तो पटत नाही, कारण इथे लपवलेले काहीच नव्हते. नवा माणूस कोण, कोणत्या नात्याचा, हे साऱ्या चिंचवडला माहीत होते. इनाम पूजाअर्चा आणि अन्नदान यांसाठी होते आणि ती कामे चालू होती. वंश संपला तरी काम संपले नव्हते.

आता सातारा. १८१९च्या तहाने इंग्रजांनी प्रतापसिंह छत्रपतींना राज्य दिले ते त्यांना, त्यांच्या वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना कायमचे म्हणून. वीस वर्षांनी, १८३९मध्ये, पोर्तुगीजांशी कारस्थान केल्यासारखे आरोप ठेवून त्यांना पदच्युत केले आणि काशीला पाठवले. धाकटे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब गादीवर आले. ५ एप्रिल १८४८ला त्यांचे निधन झाले. मृत्यूच्या काही तास आधी त्यांनी शास्त्रोक्त दत्तक घेतला होता. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक मुलगा औरस मुलासारखाच वारस. साताऱ्याचे रेसिडेंट बार्टल फ्रिअर दत्तक मान्य करावा या मताचे होते, मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्कही त्याच मताचे. पण क्लार्क यांच्या जागी फॉकलंड आले, कौन्सिलातल्या विलोबी यांनी राज्य खालसा करावे अशी लांबलचक टिपणी लिहिली, आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने ती उचलून धरली. डलहौसीचा भेद असा : दत्तकाला राजाची खासगी मालमत्ता मिळेल, राज्य नाही. म्हणजे घरातली भांडी, जवाहीर, वाडा यांच्यापुरता तो मुलगा वारस होता, आणि साताऱ्याच्या मुलखापुरता वारस नव्हता. एकाच माणसाचे एकाच दिवशी दोन जन्म झाले, आणि त्यांतला कोणता खरा हे ज्याला मुलूख मिळणार होता त्यानेच ठरवले. या धोरणाचे इंग्रजी नाव होते ‘लॅप्स’. त्याचाही मूळ अर्थ निसटणे, घसरणे. तेही करणाऱ्याचा हात लपवणारे. आपल्याकडे त्याचे ‘राज्य खालसा झाले’ झाले. पुढे झाशी आणि नागपूर याच वाटेने गेले. नरगुंदच्या भाव्यांना दत्तकाची परवानगी नाकारली गेली, त्यांनी बंड केले आणि १८५८च्या जूनमध्ये बाबासाहेब भावे बेळगावात फासावर गेले.

साताऱ्याची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते १८४०च्या सुमारास लंडनला पोहोचले आणि १८५३पर्यंत तिथे राहिले. त्यांनी पुस्तिका छापल्या, ईस्ट इंडिया कंपनीच्या भागीदारांच्या सभांत प्रश्न उपस्थित करवले, पार्लमेंटच्या सभासदांची दारे ठोठावली. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांच्यावर आणि प्रतापसिंहांवर मोठा ग्रंथ लिहिला आहे. तो वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. रंगो बापूजी दयेची भीक मागत नव्हते. त्यांची मागणी एवढीच होती की हे प्रकरण कोणा तिऱ्हाइतासमोर चालवा. आरोपीला आरोप दाखवा, साक्षीदार समोर आणा, आणि मग काय तो निकाल द्या. चौदा वर्षांत ती चौकशी एकदाही झाली नाही. १८५७मध्ये साताऱ्याच्या उठावात त्यांचा मुलगा सीताराम फाशी गेला आणि रंगो बापूजी कायमचे नाहीसे झाले.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की पेशव्यांनी तरी काय वेगळे केले? दत्तकाला सरकारची मंजुरी आणि नजराणा लागे. पेशव्यांनी वतने जप्त केली, सरंजाम काढून घेतले. डलहौसीच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी हीच वहिवाट दाखवली. आक्षेप खरा आहे, आणि पेशवाईचे गोडवे गाऊन तो टाळता येणार नाही. पण नजराणा ही दत्तकाला मंजुरी देण्याची किंमत होती. ती भरली की घराणे चाले. कधी ती अव्वाच्या सव्वा असे, आणि उत्तर पेशवाईत तर सरकारी तिजोरीचा तो एक स्रोतच झाला होता. तरीही नजराणा घेणारा वारसाचे अस्तित्व मान्य करूनच पैसे घेतो. डलहौसीने त्या परवानगीच्या हक्काचे नकाराच्या हक्कात रूपांतर केले, आणि तहात लिहिलेला ‘कायमचे’ हा शब्द त्या नकारापुढे टिकला नाही.

जे राजांच्या बाबतीत झाले तेच लहान प्रमाणात हजारो घरांच्या बाबतीत इनाम कमिशनने केले. १८५२च्या ११व्या कायद्याने त्याला पूर्ण अधिकार मिळाले. दख्खन, खानदेश आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या इनामदारांनी आपल्या इनामाचा पुरावा द्यायचा. न दिल्यास किंवा मूळ धारकाचा पुरुषवंश तुटला असल्यास जमिनीवर पूर्ण सारा बसायचा. इतिहासाच्या पुस्तकांत सुमारे वीस हजार इनामे गेल्याचा आकडा येतो. कमिशनच्या बाजूने बोलायचे तर बनावट सनदा सर्रास होत्या, पेशवाईच्या अखेरच्या गोंधळात कित्येकांनी इनामे नुसती बळकावली होती, आणि त्यांचा भार साधा सारा भरणाऱ्या कुणब्यावर पडत होता. चौकशी व्हायलाच हवी होती. पण ती करणारे बहुतेक लष्करी कप्तान, त्यांच्या निकालावर अपील सरकारकडेच, आणि दिवाणी कोर्टात दाद मागण्याची वाट या कायद्याने बंद केलेली. त्यात सनदेची दुसरी बाजू, म्हणजे सरकारदरबारची नोंद, जिथे सापडायची ते पेशवे दफ्तर सरकारच्याच ताब्यात. ज्याच्या घरातला कागद वाळवीने खाल्ला त्याने तो दाखवायचा, आणि ज्याच्या कपाटात नक्कल आहे त्याने निकाल द्यायचा. १८५७नंतर सरकारला हे कळले असावे, कारण १८६३च्या मुंबई कायद्यांनी चौकशीचा नाद सोडला आणि ठरावीक जुडी भरून इनाम वंशपरंपरा, दत्तकासह, चालवण्याची मुभा दिली. साताऱ्याच्या प्रकरणापासून सुमारे पंधरा वर्षे फिरून गाडी पुन्हा नजराण्याच्या मुक्कामाला आली.

याच काळात त्या इंग्रजी शब्दाचे भारतात एक विलक्षण वळण झाले. १८६०च्या दंडसंहितेत, कलम ४१५मध्ये, ‘चीटिंग’ची व्याख्या झाली; तिच्या शिक्षेच्या ४२० क्रमांकावरून आपण ठकाला चारसोबीस म्हणू लागलो. १ जुलै २०२४पासून तोच गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या ३१८व्या कलमात आहे. म्हणजे कायद्याचा शब्द जुगाऱ्यांनी नेला आणि तीनशे वर्षांनी तो गुन्ह्याचे नाव होऊन कायद्यात परतला. मूळ शब्दही जिवंत आहे. संविधानाच्या २९६व्या अनुच्छेदात आणि हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २९व्या कलमात बेवारस मालमत्ता सरकारकडे जाण्याला एस्चीट असेच म्हटले आहे.

आज हा प्रश्न कुठे पाहायचा असेल तर खेड तालुक्यात पाहावा. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातले निघोजे हे असेच एक गाव. त्याच्या शिवारात आता फोक्सवॅगन आणि महिंद्रा यांचे कारखाने उभे आहेत, आणि जिथे बाजरीच्या शेताला फारसे मोल नव्हते तिथे गुंठ्याचा हिशेब चालतो. औद्योगिक विकास महामंडळासाठी जमीन संपादित होते तेव्हा भरपाई सातबारावर नाव असलेल्याला मिळते; म्हणून बाप मेल्यावर होणारी वारसनोंद ही इथली सर्वांत महत्त्वाची नोंद ठरते. जमीन महसूल संहितेच्या १५०व्या कलमाप्रमाणे तलाठ्याने फेरफाराची प्रत चावडीवर लावायची आणि संबंधितांना कळवायचे. गोतसभेची ही शेवटची उरलेली खूण म्हणावी लागेल. सरकार आता कोणाला बेवारस ठरवायला टपलेले नाही. पण ज्याला मिळणार तोच वारस ठरवतो, हा दोष घराच्या आत शिरला आहे, आणि तो मुलींच्या वाट्याला येतो. १९५६च्या कायद्याने मुलीला बापाच्या मालमत्तेत हिस्सा दिला, महाराष्ट्राने १९९४मध्ये आणि केंद्राने २००५मध्ये तिला वडिलोपार्जित जमिनीत भावाबरोबरीचा सहदायाद केले, आणि ११ ऑगस्ट २०२०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मानेच मिळतो असे निःसंदिग्ध सांगितले. तरीही वारसांच्या यादीत भावांची नावे असतात आणि बहिणींची राहून जातात.

बहिणी हक्कसोडपत्र स्वखुशीने करतात, माहेर तुटू नये म्हणून करतात, त्यात फसवणूक कसली, असे यावर सांगितले जाते. काही जणी खरेच स्वखुशीने करतात, आणि ज्या बाईने दुय्यम निबंधकासमोर, कागद समजून, आपला हिस्सा भावाला दिला तिच्या निर्णयाबद्दल तिऱ्हाइताने बोलू नये. पण हक्कसोडपत्रात निदान तिचे नाव असते. देणारी ती असते, तिची सही आणि अंगठा असतो. ज्या वारसनोंदीत तिचे नाव मुळात घेतलेच गेले नाही तिथे तिने काही सोडलेले नसते. भरपाई भावांकडे नुसती ‘आलेली’ असते. फरक इतकाच की निघोज्याच्या लेकीला अशा नोंदीवर प्रांताकडे अपील करता येते आणि वाटणीसाठी दिवाणी न्यायालयात दावा लावता येतो. १८५२च्या कायद्याने इनामदारांपुढे जे दार बंद केले होते ते तिच्यासाठी उघडे आहे, आणि अलीकडच्या वर्षांत सासरी गेलेल्या लेकी त्या दारातून आत जाऊ लागल्या आहेत.